घरातली नऊ मतं

मिरज,
मंगळवार, दुपार

प्रिय रेशमे,

पत्र बघून आधी तू हसशील आणि मग घाबरशील. फोन केला असता, पण तुझा फोन दाजींनी ठेवून घेतलाय म्हणे, आणि तुझ्या आईच्या फोनवर बोललेलं निम्म्या पाटणला ऐकू जातं. म्हणून लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून एवढं सलग कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नकोस. अम्मी उद्या इथं येऊन पाटणला परतेल, तीच हे पत्र घेऊन येईल, अंडी द्यायला म्हणून. तिला वाचता येत नाही, त्यामुळं टपालापेक्षा तीच भरवशाची. मुख्य गोष्ट मी अगदी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिली तर तू तेवढीच वाचशील आणि रागानं बाकीचं चुलीत घालशील.

मी सध्या मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीत एका माळ्यावर राहते. खाली दुकान आहे. छताला तंबोऱ्याचे भोपळे टांगलेत, एकेक तुझ्या लेकीएवढा, आपल्या नंदाएवढा. मालक तार छेडतो, गिऱ्हाईक म्हणतं अजून जरा वर, मालक खुंटी पिळतो. दिवसभर हेच. मला त्यातलं काही कळत नाही, पण ऐकत बसते, कारण दुसरं काम नाही. हो, तेही गेलं, सर्व्हेचं. किती गेली ते मी मोजत नाही. दवाखान्याच्या खिडकीवर सहा महिने, मग रस्त्यावर छत्रीखाली सिमकार्डं, मग तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला. कुठंच वर्ष काढलं नाही. अब्बांनी तीस वर्षं यष्टी चालवली, अम्मी म्हणते त्या चाकांची खोड माझ्या अंगात उतरली. पण सर्व्हेचं काम मला खरंच आवडलं होतं गं. रोज नवं गाव, रोज नव्या ओसरीवरचा चहा, आणि माणसं आपणहून बोलतात. एका गावात मी विहिरीतलं कासव बघत दोन तास बसले आणि सुपरवायझरांच्या शिव्या खाल्ल्या. बघ, कुठून कुठं गेले.

ट्रेनिंग सांगलीला झालं, एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. पुण्याहून आलेल्या सरांनी फळ्यावर इंग्रजीत एक शब्द लिहिला, कॅनव्हास. मागून एक पोरगा म्हणाला, सर, बुटाचा का? सगळे हसले. सर म्हणाले कापड तेच, पण या शब्दाला शेवटी एक एस जादा लागतो. पूर्वी तिकडं साहेबांच्या देशात माणसाला जाड कापडात घालायचे, चौघांनी चार कोपरे धरायचे आणि त्याला वर उडवायचा. त्यावरून एखादी गोष्ट हलवून, झाडून, पाखडून बघणं असा अर्थ आला. मग दारोदार फिरून मतं मागणं. आणि मग नुसतं विचारणं, लोकांच्या मनात काय आहे ते. मागणारे वेगळे, ते पुढाऱ्याचे कार्यकर्ते. तुम्ही विचारणारे, सर म्हणाले, तुम्ही कुणाचे नाही. मला ते लई भारी वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की मी कुणाची नाही आणि तेच माझं काम आहे. कंपनीला हे काम निवडणुकीला उभ्या असलेल्या लालासाहेबांनी दिलंय हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारणाऱ्या आम्ही.

काम कसं चालायचं ते तुला सांगते, म्हणजे माझी चूक कुठं झाली ते तुला कळेल. टॅबमध्ये मतदार यादी असायची. घर उघडलं की घरातली सगळी नावं, पुढं कोण कुणाला, पक्कं की डळमळीत, आणि कारण. खाली एक बटण होतं, ‘घरप्रमुखाप्रमाणे’. ते दाबलं की एका माणसाचं उत्तर सगळ्या घराला लागायचं. पोरं पारावर बसायची, चार म्हाताऱ्यांना विचारायची, बटण दाबत सुटायची आणि दुपारपर्यंत साठ घरं. गावात रीतच तशी आहे, तुला काय सांगायचं. आमच्या घरात नऊ मतं, आमच्या भावकीत बेचाळीस, असं बाप्ये पुढाऱ्याला सांगतात, गोठ्यात किती जनावरं ते सांगावं तसं. मी मात्र ते बटण दाबायची नाही. स्वयंपाकघरात जायची. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारलं की ती आधी म्हणायची, मला काय विचारती, मालकांस्नी विचार. मी नुसती बसून राहायचे. थोड्या वेळानं तवा उतरवता उतरवता ती असं काही बोलायची की बाहेर बसलेला मालक ऐकता तर उडालाच असता. सुपरवायझरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, म्हणाले बायकांची उत्तरं फक्त सुमैराकडं आहेत. ते कौतुक डोक्यात गेलं, हेही लिहून टाकते.

तुझ्या सासरच्या गावची पाळी आली ती संक्रांतीच्या आठवड्यात. मुद्दाम मागून घेतली. तुझ्या लग्नानंतर आपण दोनदाच भेटलो होतो, तेही स्टँडवर. तू दारात मला बघून पिठाच्या हातानंच मिठी मारलीस. तुझी सासू, दगडाबाई, लालासाहेबांच्या हळदीकुंकवाला जायला तयार होऊन बसली होती, तिथं सगळ्या बायकांना स्टीलचा डबा मिळणार होता. ती पुढं गेली, तू मागून येते म्हणालीस. मी तुला हसत म्हणाले की डबा घेतलास तर मतही द्यावं लागेल. तुझं उत्तर मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. “डबा आणायला जाती मी. मत काय डब्यात घालून देती व्हय?”

मग मी टॅब काढला. म्हणाले, रेशमे, मी मागायला आले नाही, विचारायला आले. नाव कुठं जात नाही, नुसती टक्केवारी जाते. तू नंदाला मांडीवर घेतलंस आणि बोलायला लागलीस. अंगणवाडीचं छप्पर दोन वर्षांपूर्वी उडालं, लालासाहेबांच्या नावाचा फलक लागला, छप्पर नाही. पोरं द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या कोपऱ्यात बसतात, औषधाच्या वासात. त्यांच्यासमोर उभी राहिलेली बाई निदान एकदा येऊन बघून तरी गेली. म्हणून मत तिला. पक्कं. सांगून झाल्यावर तू म्हणालीस, मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, ना माहेरी, ना इथं. एक बटण दाबलं असतं तर तुझ्या घरातली नऊच्या नऊ मतं लालासाहेबांची झाली असती आणि आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मला वाटलं, माझ्या मैत्रिणीची ओळ तिच्या स्वतःच्या नावापुढं असावी. भरली. कारणसुद्धा तुझ्याच शब्दांत लिहिलं. नावं जात नाहीत यावर माझा विश्वास होता का, असं तू विचारशील. खरं सांगू, मी विचारच केला नाही.

पुढचं सगळं तुझ्या अंगावरून गेलंय, ते तुला काय सांगू. पण मला काय कळलंय आणि कसं, ते तुला माहीत असावं. मला वाटत होतं तू कामात आहेस म्हणून फोन उचलत नाहीस. निवडणूक झाली, निकाल लागला, आणि कंपनीनं आम्हाला परत त्याच गावांत पाठवलं, लोक खुश आहेत का ते विचारायला. तुझ्या दारात गेले तर तुझी सासू मला बघून उठून आत गेली. शेजारच्या बनाबाईनं मला परड्यात ओढलं आणि तिथं, गोवऱ्यांच्या ढिगाआड, सगळं सांगितलं. लालासाहेबांच्या पॅकहाऊसवर भावक्यांच्या प्रमुखांची बैठक होती. याद्या छापून आल्या होत्या, आपले हिरवे, विरोधी लाल, डळमळीत पिवळे. तुझ्या सासऱ्यांनी नऊ मतांचा शब्द दिला होता. यादीत आठ हिरवी आणि एक लाल. लालासाहेब रागावले नाहीत म्हणे, हसले. म्हणाले, आकाराम, तुमच्या घरातच विरोधी पक्ष निघाला की. मग सगळे हसले. रेशमे, तो माणूस रागावला असता तरी बरं झालं असतं.

शाळेत शिकवलं होतं की मत गुप्त असतं. मशीनच्या आत गेल्यावर असेलही. त्याच्या आधी सगळं उघडं, त्यात मी उघडं करणारी.

सासऱ्यांनी दोन दिवस जेवण सोडलं, तिसऱ्या दिवशी भावकीतली चार माणसं बोलावली, आणि सासूनं देव्हाऱ्यापुढं तुझ्या हातावर भंडारा ठेवला. उचल आणि शपथ घे. तू म्हणालीस, मत देते तुम्ही म्हणता त्यांना, पण भंडारा उचलून नाही. बनाबाई म्हणाली, त्या पोरीनं तो भंडारा परत ताटलीत ठेवला. मला सरांचं ते जाड कापड आठवलं आणि चार कोपरे धरलेली चार माणसं. मत द्यायला तयार असलेली बाई शपथ का घेत नाही, हे त्यांना कळलंच नाही. मला कळलं. न केलेल्या चुकीची माफी मागत नाही म्हणून सातवीत तू चार दिवस वर्गाबाहेर उभी होतीस, आणि मी आत बसून डबा खात होते. दाजींनी तुला गाडीवर घालून पाटणला सोडलं आणि नंदाला ठेवून घेतलं. मतदानाच्या दिवशी तू माहेरी. म्हणजे ज्या मतासाठी हे सगळं झालं ते पडलंच नाही. लालासाहेब हजारोंनी निवडून आले. त्यांना तुझं नावही आठवत नसेल.

मी तशीच तुझ्या सासऱ्यांच्या बेदाण्याच्या शेडवर गेले. जाळ्यांवर माल पसरत होते. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, मामा, चूक माझी आहे, तिला आणा. ते बराच वेळ जाळी सारखी करत राहिले. मग म्हणाले, “बाई, पंचवीस वर्सं मी शब्द दिला की तेवढी पडल्यात. आता सोसायटीत गेलो तरी पोरंसोरं इचारत्यात, आठ का नऊ, आकाराम?” गावात त्यांचं नावच पडलंय, आठ का नऊ. सून आणायला त्यांची ना नाही. नंदा रडते, दाजी धड जेवत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. पण यादीतली ती लाल ओळ खरी असेपर्यंत सुनेला घरात घेतलं तर माणूस सुनेपुढं वाकला असं होतं. ओळच खोटी ठरली तर कुणीच वाकत नाही. हे ते असं सरळ बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तुम्ही सर्व्हेवाली पोरं पारावर बसूनच भरता म्हणे. आणि माझ्याकडं बघितलं.

मी समजले. इतकी काही येडी नाही.

गेल्या गुरुवारी लालासाहेबांच्या तासगावच्या ऑफिसात गेले. तुझे सासरे होते, दाजी होते, आमचे सुपरवायझर मान खाली घालून बसलेले. मी लिहून दिलं आणि तोंडानंही सांगितलं की मी त्या घरात गेलेच नाही, पारावर बसून मनानं भरलं, ओळखीचं नाव दिसलं म्हणून गंमत केली. दाजी माझ्याकडं बघतच राहिले. त्या दिवशी निघताना त्यांच्याच दारात मी चहा प्यायले होते, कप त्यांनी आणून दिला होता. पण ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचा मला किती राग आला आणि किती बरं वाटलं, ते मला लिहिता येत नाही. मला वाटलं संपलं. तेवढ्यात लालासाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, मग बाकीच्या बायकांचंबी असंच का? मी नाही म्हणाले असते तर मग एकटी तुझीच ओळ मी खोटी का भरली, हा प्रश्न आला असता. मी म्हणाले, व्हय. सगळंच.

सगळंच म्हणजे किती माहीत आहे? चारशेच्या वर बायका. एक म्हणाली होती, पुढारी कुणीबी असू दे, संडासला दार पाहिजे. एक नव्वदीची म्हातारी, तिनं मला विचारलं होतं की माझं पण मत अजून धरतात का. त्या सगळ्यांच्या ओळी कंपनीनं दुसऱ्या दिवशी खोडल्या आणि ‘घरप्रमुखाप्रमाणे’ दाबलं. त्या गुरुवारी निघताना सुपरवायझरांनी जिन्यात मला गाठलं आणि विचारलं की खरं काय. मी म्हणाले, लिहून दिलंय तेच. त्यांनी टॅब आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. ज्यांनी खरंच पारावर बसून बटणं दाबली ती पोरं अजून कामावर आहेत, त्यातल्या एकाला बढती मिळाली. तासगावातून सांगलीपर्यंत यष्टीत उभी आले. मला रडू आलं नाही. एवढंच वाटत राहिलं की एवढ्या बायका माझ्याशी बोलल्या आणि मी सांगून आले की कुणीच बोललं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या रविवारी तुझे सासरे, दाजी आणि भावकीतले दोघे पाटणला येतील. नंदाला बरोबर आणतील, तसं मी मामांकडून कबूल करून घेतलंय. भंडारा नाही, शपथ नाही, तेही कबूल करून घेतलंय. चार माणसांत तुला एकदाच विचारतील की सुमैरा त्या दिवशी घरी आली होती का. तू नाही म्हणायचंस. काय बोललीस, का बोललीस, काही विचारणार नाहीत, हे एवढंच विचारतील. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे, आणि तुझ्या तोंडून ते काढायला मी काय काय करतेय तेही मला कळतंय. तुला न विचारताच मी सगळं ठरवून आलेय, तिथल्या बाप्यांनी ठरवावं तसंच. नंतर मी तुझ्याकडं कधी येणार नाही. तासगावच्या स्टँडवर दिसलीस तर मीच तोंड फिरवून दुसऱ्या गाडीत चढेन, तू मनाला लावून घेऊ नकोस. तरीही तू अडून बसशील अशी मला भीती आहे, म्हणून जे सांगणार नव्हते ते सांगते. शेडवरून निघताना नंदाला बघितलं. विंचरायला कुणाला वेळ नाही म्हणून तिचे केस अगदी मुळापासून कापलेत. मी हाक मारली तर तिनं वळून बघितलं, माझ्या मागं आणखी कोणी आलंय का ते वाकून बघितलं, आणि परत मातीत खेळायला लागली. रेशमे, रविवारी नाही म्हण.

तुझीच, आता कुणाला न सांगता,
सुमैरा